चार तास पबमध्ये, आणि तरी शुद्धीवर?

प्रश्न : माझा भाचा नोकरीसाठी मँचेस्टरला असतो. दर गुरुवारी संध्याकाळी तो पाच-सहा मित्रांबरोबर पबमध्ये जातो आणि चार-चार तास बसतो. फोनवर सांगतो, की तिथली बिअर गार नसते, एकेक जण उठून सगळ्यांचे पैसे भरतो, कधीकधी वेगवेगळ्या बिअर नुसत्या चाखून पाहतात, आणि एवढं होऊनही कुणी झिंगत नाही. मला यातली एकही गोष्ट पटत नाही. आईला धीर यावा म्हणून तो थापा मारतो का? येत्या जूनमध्ये आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. मी घेत नाही, शिवाय शाकाहारी आहे. तरी मला पबमध्ये न्यायचा त्याचा हट्ट आहे. मी तिथं बसून करू काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाचा थापा मारत नाही. तुमच्या चारही शंकांची उत्तरं त्याच्या बाजूने जातात. शेवटच्या बाबतीत त्याने थोडी सूट घेतलेली दिसते, तिकडे येईनच. या गोष्टी सुट्या ऐकल्या की विचित्र वाटतात. एकीला दुसरी जोडली, की लक्षात येतं, इंग्लंडमधला पब हा संध्याकाळ लांबवण्यासाठी आहे. तिथलं पेय, माप, पैसे देण्याची रीत, हे सगळं त्याच बेताने घडत आलं आहे.

आपल्याला हे पटत नाही, कारण आपल्या डोळ्यांपुढे परमिट रूम असते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर आपल्याकडे पिणं ही परवाना काढून करायची गोष्ट झाली. मग ओढलेले पडदे, मंद दिवे, ओळखीचं कुणी दिसू नये ही धास्ती, आणि लवकर आटपून बाहेर पडायची घाई. अशा जागी माणूस प्यायलाच जातो. मँचेस्टरमधल्या पबात संध्याकाळी सहाला डोकावलात तर एखादं वयस्क जोडपं जेवताना दिसेल, टेबलाखाली कुत्रा पेंगत असेल, आठवड्यातून एखाद्या दिवशी क्विझ चाललेली असेल. रोचडेल रोडवर मार्बल आर्च नावाचा १८८८ सालचा पब आहे. त्याची नक्षीदार फरशी काउंटरच्या दिशेने चक्क उतरती आहे. लोक ती फरशी बघायलाही येतात.

आता झिंगेचा हिशेब मांडू, कारण खरी शंका तीच आहे. ब्रिटनमधली पिंट ५६८ मिलिलिटरची. तिथल्या पारंपरिक ‘बिटर’ बिअरमध्ये अल्कोहोल साधारण साडेतीन ते साडेचार टक्के असतं, ‘माइल्ड’मध्ये बहुधा त्याहूनही कमी. ३.८ टक्क्यांच्या एका पिंटमधून पोटात जातं सुमारे साडेएकवीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. तीन पिंट घेतल्या तर पासष्ट. आपल्याकडे खपते ती ६५० मिलिलिटरची ‘स्ट्राँग’ बाटली आठ टक्क्यांपर्यंतची असते. तिच्या एकटीतच बावन्न मिलिलिटर भरतं, आणि दोन बाटल्यांत एकशे चार.

दुसरा घटक वेळ. माणसाचं शरीर तासाला साधारण आठ-दहा मिलिलिटर अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे चार तासांत तीन पिंट घेणाऱ्याच्या शरीरातून निम्मं तिथल्या तिथे गेलेलं असतं. दीड तासात दोन स्ट्राँग बाटल्या संपवणाऱ्याला ती सवड मिळत नाही. तुम्ही ‘चार तास’ ऐकून घाबरलात, पण त्याला सावरतात ते हेच चार तास.

सूट घेतली आहे ती इथे. झिंग न येणं आणि परिणाम न होणं यांत फरक आहे. इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत कायदा काही म्हणत नाही. स्कॉटलंडने २०१४ मध्ये ही मर्यादा ५० वर आणली, आणि भारतात ती ३० आहे. इंग्लंडचा आकडा सैल आहे म्हणून कुणी तीन पिंटांनंतर गाडीला हात लावू नये. भाच्याच्या शहरात ट्राम आहे, तो तिनेच जात असेल अशी आशा करतो. शिवाय ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय सल्ल्यानुसार आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये. एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. तीन पिंटांचे साडेसहा युनिट होतात, म्हणजे त्याचा निम्मा आठवडा गुरुवारीच संपतो. आणि ‘कुणी झिंगत नाही’ हे त्याच्या टेबलापुरतं खरं. शुक्रवारी-शनिवारी रात्री शहराच्या मध्यभागी झोकांड्या खाणारे इंग्रज हवे तेवढे दिसतात.

इतकी सौम्य बिअर लोक आवडीने पितात तरी कशी? आवड नंतर आली, आधी कर आला. १८८० पासून ब्रिटनमध्ये बिअरवरचा कर आंबवण्याआधीच्या रसात साखर किती आहे यावर बसू लागला. साखर जास्त तर अल्कोहोल जास्त, आणि करही जास्त. मग १९१४ चं महायुद्ध आलं. धान्य तुटपुंजं, दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार शुद्धीवर हवेत, म्हणून सरकारने बिअर आणखी पातळ करायला लावली. युद्ध संपलं तरी ती पुन्हा पूर्वीइतकी कडक झाली नाही, आणि पिढ्यांची जीभ तिलाच सरावली. ऑगस्ट २०२३ पासूनच्या नव्या करपद्धतीत ३.५ टक्क्यांच्या आतल्या बिअरला कमी दर आहे, त्यामुळे काही उत्पादकांनी आपली बिअर ३.४ टक्क्यांवर आणली. १९१४ च्या त्याच महायुद्धात पब उघडण्याच्या वेळांवरही बंधनं आली. दुपारी पब बंद ठेवायची सक्ती इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली. शेवटची ऑर्डर द्या असं सांगणारी घंटा पुष्कळ पबांत आजही वाजते.

आता गार नसलेली बिअर. ‘इंग्रज कोमट बिअर पितात’ हा जगभर पसरलेला गैरसमज आहे. त्याच पबात त्याच काउंटरवर फ्रिजसारखी गार ‘लागर’ जातीची बिअरही मिळते. भाचा सांगतो ती ‘कास्क एल’. ही बिअर कारखान्यातून निघते तेव्हा पूर्ण तयार झालेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं, आणि पबच्या तळघरात ती पुन्हा आंबते. पिंपाला बारीक खुंटी ठोकून जादा वायू सोडणं, गाळ खाली बसू देणं, कधी प्यायला काढायची ते ठरवणं, हे सगळं पबवाल्याच्या हातात असतं. म्हणून एकाच कारखान्याची बिअर दोन पबांत दोन चवींची लागते.

तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवतात. फ्रिज असतो चार-पाच अंशांवर. इतक्या थंडीत यीस्ट निपचित पडतं, आणि आपल्या नाका-जिभेलाही वास आणि चव नीट कळत नाही. अतिगार बिअरमध्ये नुसता गारवा जाणवतो, कारण बाकीचं जाणवू नये इतकी ती गार असते. बिटरमध्ये भाजलेल्या धान्याची गोडी आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा असा नाजूक मामला असतो. तो बारा अंशांना खुलतो.

ही बिअर वायूच्या दाबाने वर ढकलत नाहीत, काउंटरवरचा उभा दांडा हाताने ओढून खेचतात. या हातपंपाचं एक पेटंट जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९७ मध्ये घेतलं होतं. बिअर बाहेर येते तशी पिंपात हवा शिरते, आणि तीन-चार दिवसांत बिअर उतरू लागते. नेहमीच्या पिंपात ७२ पिंट मावतात, म्हणजे ७२ पिंट तेवढ्या दिवसांत खपल्या पाहिजेत. यावरून एक उपयोगी गोष्ट निघते : कास्क एल प्यायची तर गजबजलेल्या पबात, आणि ज्या हातपंपावर लोक सारखे मागतायत त्याचीच. आंबट लागली तर ग्लास परत न्यावा. चांगला पबवाला वाद न घालता बदलून देतो.

ही रीत एकदा संपत आली होती. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, पाश्चराइज केलेली, वायू भरलेली बिअर सगळीकडे पोचवायला सुरुवात केली, कारण ती टिकते आणि सांभाळायला अक्कल लागत नाही. १९७१ मध्ये आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार तरुण इंग्रजांनी ‘कॅमरा’ ही संघटना काढली आणि जिवंत बिअरसाठी आवाज उठवला. कुठल्या पबात ती नीट मिळते हे सांगणारी त्यांची मार्गदर्शिका १९७४ पासून निघते. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची, म्हणजे काळही तोच. ग्राहकांनी एकत्र येऊन मोठ्या कंपन्यांना माघार घ्यायला लावल्याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. भाच्याच्या हातातली पिंट त्या लढ्यामुळे आहे.

आता पैशांकडे येऊ. पबात वेटर सहसा येत नाही. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे भरायचे. सहा जण सहा वेळा उठण्यापेक्षा एकाने उठून सगळ्यांचं आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने, याला राउंड म्हणतात. ही एक छोटी भिशीच आहे. कुणी फुकट पीत नाही, कुणी उपकारही करत नाही. आज हिशेब जुळला नाही तर पुढच्या गुरुवारी जुळतो, आणि त्यामुळे पुढच्या गुरुवारी यावंच लागतं. परदेशात नवखा असलेल्या मुलाला मित्र मिळायला या पाळीइतकी दुसरी सोपी वाट नाही. जो आपली पाळी चुकवतो त्याला तिथे कुणी काही बोलत नाही, फक्त हळूहळू बोलावणं बंद होतं.

पण राउंडला एक खोट आहे. सहा जणांच्या टोळीत प्रत्येकाची पाळी यायची तर सहा पिंट होतात. मग सगळ्यात भरभर पिणारा सगळ्यांची गती ठरवतो. हे ब्रिटिश सरकारनेही ओळखलं होतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दुसऱ्याला दारू पाजायलाच बंदी आली. लंडनमध्ये ती ऑक्टोबरात लागू झाली. साउथॅम्प्टनला १९१६ मध्ये बायकोसाठी वाइनचा ग्लास घेतल्याबद्दल एका नवऱ्याला दंड झाल्याची बातमी आहे. आज जाणते लोक यावर साधे तोडगे काढतात. सहाच्या टोळीच्या तीन-तीनच्या दोन टोळ्या करतात, नाहीतर ‘या वेळी मला अर्धीच’ म्हणतात. अर्धी पिंट हे कायदेशीर माप आहे आणि ती मागण्यात कसलाही कमीपणा नाही. भाच्याला एवढं एक सांगाच. बाकी त्याचं बरं चाललंय.

चाखण्याचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. तिथे एक तृतीयांश पिंटचंही माप आहे, सुमारे १९० मिलिलिटर. तीन वेगळ्या बिअरचे तीन छोटे ग्लास घेतले तरी एकच पिंट होते. चाखताना फिक्याकडून गडदाकडे, सौम्याकडून कडवटाकडे जायचं, मधे पाण्याचा घोट घ्यायचा. आधी नाक, मग जीभ. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात, बिअर मात्र गिळतात, कारण तिचा वास बराचसा घशाच्या मागून नाकात चढतो. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळतं, असा नकाशा शाळेच्या पुस्तकांत असायचा. तो चुकीचा आहे. कडू चव जिभेवर सगळीकडे कळते.

दुसरा गैरसमज, गडद बिअर जास्त चढते. रंग येतो भाजलेल्या बार्लीतून, अल्कोहोल येतं साखरेतून, आणि दोघांचा संबंध नाही. काळीकुट्ट गिनेस नळावरची घेतली तर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बऱ्याच सोनेरी लागरपेक्षा सौम्य. हॉप्समध्येही जाती आहेत. इंग्लंडच्या गोल्डिंग्ज आणि फगल यांना माती-पाल्याचा, थोडा चहासारखा वास, तर अमेरिकेच्या कॅस्केडला पपनसाचा. बेल्जियमच्या पांढुरक्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात. इंग्रज मित्र अंदाज बांधत असतात तेव्हा धने आधी ओळखतो तो बहुधा आपलाच मुलगा. फेसावरूनही तिथे दोन पक्ष आहेत. मँचेस्टरकडे नळाच्या तोंडाला बारीक भोकांची चकती लावून दाट सायीसारखा फेस काढतात, दक्षिणेकडच्यांना तो खपत नाही. फेस म्हणजे मापात पाप असं समजू नका. ग्लास फारच उणा वाटला तर भरून मागता येतो.

‘आयपीए’ (इंडिया पेल एल) हे नाव तुमच्या कानावर येईलच. त्यातला ‘आय’ इंडियाचा, म्हणून ही बिअर भारतात बनते असं कुणाला वाटतं, तर कुणी सांगतं की भारताच्या प्रवासात टिकावी म्हणून ती मुद्दाम शोधून काढली. दोन्ही खरं नाही. हॉप्स भरपूर घालून महिनोन्‌महिने मुरवलेली बिअर इंग्लंडात आधीपासून होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन हा उत्पादक ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना ती लांबच्या उधारीवर देई. त्याचा कारखाना गोदीपासून जवळ होता, आणि धंदा वाढला तो या दोन कारणांनी. चार-सहा महिन्यांच्या उष्ण प्रवासात ती बिघडण्याऐवजी छान मुरते हे मागाहून कळलं. पुढे इंग्लंडमधल्याच बर्टन गावचे ऑलसॉप आणि बास हे उत्पादक या व्यापारात उतरले. मुंबई-कलकत्त्याला ती पीत साहेब लोक. साध्या गोऱ्या शिपायाचं पेय होतं काळी पोर्टर, आणि तीही तोच समुद्र ओलांडून ठीकठाक पोचत होती.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जाताना हेही माहीत असावं. आज भाचा ज्या सहजपणे पबात शिरतो, तो सहजपणा मिळवावा लागलेला आहे. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकसारख्या गावांत ओतकाम करणाऱ्या पंजाबी कामगारांना काही पब दारातून परत पाठवत, नाहीतर वेगळ्या खोलीत बसवत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला येऊन हा प्रकार पाहून गेले, आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने पबसारख्या सार्वजनिक जागी असा भेद करायला बंदी घातली. पुढे त्याच भागातले बुडीत चाललेले पब पंजाबी लोकांनीच चालवायला घेतले. त्यांना ‘देसी पब’ म्हणतात. मँचेस्टरहून बर्मिंगहॅम आगगाडीने दीड-दोन तासांवर आहे. एक दिवस काढून त्यातल्या एखाद्यात जरूर जेवा.

उरला तुमचा स्वतःचा प्रश्न. न पिणाऱ्याने पबमध्ये बसणं ही तिथे रोजची गोष्ट आहे. ‘लाइम अँड सोडा’ मागा. मिळतं सगळीकडे आणि स्वस्त असतं. बिनअल्कोहोलची बिअर कुणी पुढे केली तर लेबल बघा : काहींत ०.५ टक्के असतं, थेंबही नको असेल तर ०.० लिहिलेली घ्या. खाण्याच्या बाबतीत जपा. काउंटरमागे कुरकुरीत चकण्याची पाकिटं टांगलेली असतात, त्यातलं ‘पोर्क स्क्रॅचिंग्ज’ म्हणजे डुकराची तळलेली कातडी. बटाट्याच्या चिप्स कशात तळल्या तेही विचारा, कारण उत्तर इंग्लंडमध्ये काही ठिकाणी त्या गाईच्या चरबीत तळतात. भाचाही शाकाहारी असेल तर त्याला ठाऊक असावं, की कास्क एलमधला गाळ बसवायला पुष्कळदा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो न घातलेल्या बिअरवर तसं लिहिलेलं असतं, आणि विचारलं की काउंटरवर सांगतात.

जूनमध्ये मँचेस्टरला साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि लोक ग्लास घेऊन अंगणात बसतात, तिथली जागा धरा. साध्या खारवलेल्या वेफरचं पाकीट उभं फाडून टेबलाच्या मधोमध पसरायची तिथली पद्धत आहे, म्हणजे सगळ्यांचे हात पोचतात. आणि सोडाच पीत असलात तरी एक राउंड तुम्ही आणा. भाच्याच्या मित्रांना मामा लक्षात राहील. काउंटरवर रांग दिसत नाही पण असते. आपल्या आधी कोण आलं ते बघून ठेवा, हात किंवा नोट हलवू नका. आणि सहांपैकी कुणाची गिनेस असेल तर ती सगळ्यांत आधी सांगा. ती अर्धवट भरून फेस बसेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात बाकीचे ग्लास भरून होतात.